बंदीची वेळ

भित्र्या माणसानं पडक्या जागेत शिरू नये, एवढी अक्कल मला आहे. मी पालीला भिते, लिफ्टला भिते, रात्री मोरीतला दिवा बंद करून पलंगापर्यंत पळत येते. तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवतेय आणि माझ्या आवाजानं अख्खा वर्ग गारठतो, पण तो आवाज फक्त वर्गापुरता. तरीसुद्धा दोन हिवाळ्यांपूर्वी एका रविवारी मी स्वतःच्या पायांनी एका बंद पडलेल्या जेलात गेले. सोबत आबांना नेलं होतं. खरं तर त्यांच्यासाठीच गेले होते.

आबा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी जेलखात्यात केली. शिपाई म्हणून लागले आणि कोल्हापूरच्या कळंबा जेलातून हवालदार होऊन निवृत्त झाले. त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली. आई गेली, मी लग्न केलं नाही, त्यामुळं कोल्हापुरातल्या घरात आम्ही दोघंच. आई गेल्यावर आबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवलो की नाही ते. यातलं काहीच मला जड गेलं नाही. जड गेली ती संध्याकाळ.

पाच वाजत आले की आबा उठायचे आणि पट्टा शोधायला लागायचे. "बंदीची वेळ झाली." दिवस मावळायच्या आत कैदी मोजून कोठड्यांत घालायचे आणि बाहेरून कड्या लावायच्या, त्याला जेलात बंदी म्हणतात. चाळीस वर्षं रोज केलेलं काम. डोक्यातून सगळं पुसलं गेलं तरी तेवढं राहिलं. मी म्हणायची, "आबा, तुम्ही रिटायर झालाय की." ते म्हणायचे, "कोण म्हंतंय?" आणि चप्पल घालायला लागायचे.

दोनदा ते माझी नजर चुकवून गेलेच. पहिल्यांदा हायवेच्या नाक्यावर सापडले, ट्रकांच्या मधोमध. दुसऱ्यांदा थेट कळंब्याच्या गेटवर. तिथल्या पहारेकऱ्यानं बिचाऱ्यानं खुर्ची दिली, चहा पाजला आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा आबा त्याला सांगत होते, "हे न्हवं माझं जेल. माझं जेल नदीकडंला हाय."

दादा पुण्यात असतो. त्याला हे कळल्यावर तो रागावला नाही, शांतपणे बोलला, आणि दादा शांत बोलला की समजावं, त्याचं ठरलंय. पुण्याजवळ अशा म्हाताऱ्यांसाठी एक संस्था होती. चांगली होती, स्वच्छ होती, गेटला चोवीस तास कुलूप. तो म्हणाला, "आणखी एकदा जरी ते असे निसटले ना, तर मी येऊन घेऊन जाणार. मग तू रडायचं नाहीस." मी हो म्हटलं. वाद घालायला माझ्याकडं मुद्दाच नव्हता. आबांना त्या कुलपाआड ठेवायचं नव्हतं, एवढंच मला माहीत होतं, आणि ते काही दादाला पटण्यासारखं उत्तर नव्हतं.

मग मला उपाय सुचला. आमच्या धंद्याचा एक आजार आहे. एखादी गोष्ट फळ्यावर सिद्ध करून दाखवली की समोरच्याला पटते, असं आम्हाला वाटतं. आबांचं "नदीकडंचं जेल" म्हणजे त्यांच्या पहिल्या नेमणुकीचं, एका जुन्या संस्थानी गावातलं सहा कोठड्यांचं तालुक्याचं जेल. मी चार-पाच वर्षांची असेपर्यंत आम्ही त्या गावात होतो. ते जेल कधीच बंद पडलंय, हे मला ठाऊक होतं. एकदा आबांना तिथं न्यायचं, रिकाम्या कोठड्या त्यांच्या डोळ्यांनी दाखवायच्या. कैदी नाहीत, तर बंदी कुणाची? प्रश्न मिटला. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथं आमचे पाहुणे आहेत आणि माणसं तिखट आहेत.

दुपारी जेवण करून निघालो. उसाचा हंगाम, रस्ताभर ट्रॅक्टर, प्रत्येकावर कर्णे लावून गाणी. आबा बिस्किटं खात बसले होते. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "कुठं चाललोय गं?" मी म्हटलं, "तुमच्या ड्युटीवर." त्यांनी बिस्किटाचा पुडा मिटवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि पुढं गाव येईपर्यंत ते ताठ बसून राहिले.

जेल गावाबाहेर, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. काळ्या दगडाच्या भिंती, त्यांतून फुटलेले पिंपळ, सगळीकडं घाणेरी माजलेली. बाहेरच्या भिंतीवर एक बाई शेणी थापत होती. आम्हाला बघून हात तसेच शेणाचे ठेवून म्हणाली, "पावणं, आत नगा जाऊ. जनावर हाय." जनावर म्हणजे साप, त्याचं नाव घ्यायचं नसतं. माझे पाय तिथंच थांबले. पण आबा पुढं निघाले होते. बाईनं आम्हाला शहाणपण शिकवायचा नाद सोडला, बादली उचलली आणि गावाकडं गेली.

मोठा दरवाजा जमिनीत रुतलेला होता. त्याच्यातली छोटी दिंडी तेवढी उघडी. आबा त्या दिंडीपाशी उभे राहिले, आणि मी आत शिरायला लागल्यावर त्यांनी हात आडवा केला.

"थांब. झडती."

मला हसू आलं. दोन वर्षांत आबांनी इतक्या ठाम आवाजात एक शब्द उच्चारला नव्हता. मी हात वर केले. त्यांनी माझी पर्स घेतली, मोबाईल घेतला, गाडीची किल्ली घेतली, पेन घेतलं. केसांतली क्लिपसुद्धा काढून घेतली, कारण तिला टोक होतं. सगळं दिंडीच्या आतल्या कोनाड्यात ओळीनं मांडून ठेवलं. "सुटताना परत मिळंल," म्हणाले. मी म्हटलं, "बरं साहेब." मला तो खेळ वाटला. त्यांना खेळात घेतलं तर ते आनंदात राहतात, असं डॉक्टरही म्हणाले होते.

आत चौकोनी आवार होतं. एका बाजूला सहा कोठड्या ओळीनं, समोर स्वयंपाकाची पडकी खोली, मधे एक विहीर. विहिरीचा कठडा एका अंगानं ढासळून आत गेला होता आणि काठापर्यंत गवत आलं होतं. मी आबांचा दंड धरला. पण आबांना धरायची गरजच नव्हती. ते भराभर चालत होते, बोलत होते. इथं चूल, इथं कैद्यांची रांग, इथं पावसाळ्यात गुडघाभर पाणी. भिंतींवर महापुराच्या गाळाची रेघ माझ्या छातीइतक्या उंचीवर उमटली होती. आबांनी त्या रेघेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "एवढं कवा चढलं?" प्रश्नही बरोबर होता. माझे वडील मला परत मिळालेत असं मला वाटलं, आणि मी तेवढ्यात स्वतःवर खूश झाले.

मी धडा पुरा केला. "बघितलंत आबा? सगळं बंद झालंय. कैदी न्हाईत, साहेब न्हाईत. आता कसली बंदी?"

आबांनी सहाही कोठड्यांवरून नजर फिरवली. "व्हय की," म्हणाले. "कोण न्हाय."

झालं, सिद्ध झालं. आता निघायला हवं होतं. पण माणूस जिंकला की त्याला आणखी चार पावलं पुढं जाऊन बघायची हौस येते. शेवटच्या कोठडीचं गजांचं दार उघडं होतं. मी म्हटलं, "आतून कशी असते हो ही?" आबा म्हणाले, "जा की. बघ."

मी आत गेले. दगडी ओटा, वर हातभर रुंदीचा झरोका, वटवाघळांचा वास. मी नाकाला पदर लावला, तेवढ्यात मागं लोखंड किरकिरलं. ते गंजलेलं दार हलेल असं मला वाटलं नव्हतं. पण आबांना त्याची खोड ठाऊक होती. खांदा खाली लावून जरा उचलायचं आणि ढकलायचं. दार बसलं. मग कडी सरकल्याचा आवाज आला.

"आबा, अहो, मी आत आहे."

आबांनी दार एकदा हलवून बघितलं, पक्कं बसलंय का ते. आणि पाठ फिरवून चालायला लागले.

पहिली दोन मिनिटं मी हसतच हाका मारत होते. नंतर माझं मलाच जाणवलं की मी हसत नाहीये. मी गजांतून हात घालून कडी चाचपली. कडी हाताला लागत नव्हती. दाराला जोडलेली लांब लोखंडी पट्टी बाहेर भिंतीच्या कोपऱ्याला वळून गेली होती आणि कडी त्या टोकाला, खोबणीत. आतल्या माणसाचा हात तिथं पोचूच नये म्हणून कुणीतरी विचार करून केलेलं काम होतं. मी खांद्यापर्यंत हात घातला, गाल गजांवर दाबला, कातडं सोलवटलं. अजून वीतभर लांब.

मोबाईल कोनाड्यात. किल्ली कोनाड्यात. आबा कुठं, ते दिसत नव्हतं.

कोठडीतून मला आवाराचा एक तुकडा दिसत होता, स्वयंपाकाची खोली आणि अर्धी विहीर. मी बोंबलले. "आबा! आबा, कुठं आहात?" ओ नाही. शेणी थापणारी बाई गेलेली. रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते, पण प्रत्येकाबरोबर गाण्यांचा असा दणका की माझा आवाज मलाच ऐकू येईना. मी दोन ट्रॅक्टरांच्या मधल्या शांततेत ओरडायला लागले. शांतता फार लहान असायची.

आणि तशाच एका शांततेत विहिरीच्या बाजूनं आवाज आला. धप्प. जड वस्तू पाण्यात पडल्याचा.

खोटं सांगत नाही, मी खालीच बसले. विहिरीचा जो अर्धा भाग दिसत होता तिथं गवत स्थिर होतं. पडलेल्या माणसाची धडपड ऐकू येईल म्हणून मी श्वास धरून ऐकत राहिले. काहीच ऐकू आलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. मी त्यांना इथं आणलं. माझ्या हातानं आणलं. दादाच्या संस्थेत गेटला कुलूप होतं, स्वच्छ खोली होती, आणि विहीर नव्हती. ते मी नको म्हटलं आणि त्यांना या विहिरीपाशी आणून सोडलं. दादाला फोनवर काय सांगायचं, कोणत्या वाक्यानं सुरुवात करायची, ते मी मनात जुळवायला लागले, आणि त्याचीच मला इतकी भीती वाटली की मी कपाळ गजांवर आपटून घेतलं.

मग ओट्याच्या कडेला माझं लक्ष गेलं. तिथं कात पडली होती. सापाची, चांगली हातभर लांब. एरवी मी किंचाळून घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा विहिरीकडं बघायला लागले. एका मोठ्या भीतीपुढं बाकीच्या भीतींना जागा उरत नाही, हे मला त्या कोठडीत कळलं.

किती वेळ गेला कोण जाणे. झरोक्यातून येणारा उन्हाचा चौकोन भिंतीवर वर वर सरकत होता. मी त्यावरून वेळ काढायचा प्रयत्न केला. सूर्याचा कोन, भिंतीची उंची. दहावीच्या पोराला जमेल असं गणित मला सुटेना. चौकोन पिवळा झाला, मग तांबूस. पाच वाजत आले असणार. ज्या पाच वाजण्याचा मी दोन वर्षं धसका घेतला होता, त्याचीच मी आता वाट बघत होते. आबा जिवंत असतील तर ते पाचला येतील. नाही आले तर मला कळेल.

टक.

लांबून आवाज आला. लोखंडावर लाकूड मारल्याचा. टक, टक. मग जरा थांबून, अलीकडं, टक, टक, टक. बंदीच्या वेळी शिपाई गजांवर काठी मारत जातो. कापलेला गज असला तर आवाज बदलतो. पहिली कोठडी झाली. दुसरी. मी तोंडावर हात दाबून रडत होते. रडायचा आवाज झाला तर ते बिचकून निघून जातील अशी मला धास्ती. तिसरी. चौथी. पाचवी.

आबा माझ्या दारात आले. हातात बाभळीचं दांडकं. एका हातानं त्यांनी माझ्या दाराचे गज वाजवले, नीट, एकही न गाळता. आणि मग त्यांनी आत बघितलं.

"कोण हाय?"

"आबा, मी. दार उघडा."

"गप. आबा कुणाला म्हंतीस?" त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. "हितं समदी शिपायाला मामा म्हंत्यात, काका म्हंत्यात. नातं लावलं म्हणून दार उघडत न्हाय."

ते मला बघत होते आणि मी त्यांना दिसत नव्हते. सकाळी ज्या माणसाला मी हातानं आंघोळ घातली होती, तो माणूस. सापाची, विहिरीची, कशाचीच मला तेवढी भीती वाटली नव्हती.

"नाव?"

मी नाव सांगितलं.

"बापाचं नाव?"

मी तेही सांगितलं. आबा थबकले. दांडकं काखेत धरलं.

"हे तर माझंच नाव हाय."

"व्हय."

"आडनाव?"

"तेच."

ते थोडं हसले. "असत्यात एका नावाची दोन माणसं. गुन्हा काय?"

"काय न्हाय केलं मी."

"समदी असंच म्हणत्यात," आबा म्हणाले. त्यांनी दार पुन्हा हलवून बघितलं. "सकाळी साहेब आलं की बघू." आणि ते वळले.

सकाळी! साहेब! मला एका क्षणात दिसलं, आबा अंधारात त्या विहिरीच्या बाजूनं चालले आहेत. नाहीतर दिंडीतून बाहेर, नदीच्या रस्त्याला. रडून, मुलगी म्हणून, काही उपयोग नव्हता. आणि मग माझ्यातून तो वर्गातला आवाज निघाला. मी काढला नाही, तो आपोआप निघाला.

"शिपाई! इकडं बघा. टोटल किती?"

आबांच्या टाचा जुळल्या. खरंच जुळल्या. ते वळले आणि बोटांवर मोजायला लागले. पाच कोठड्या रिकाम्या, सहावीत एक. "टोटल एक."

"आणि कागदावर किती आहेत?"

त्यांनी खिसा चाचपला. "कागदावर... कोण न्हाय."

"मग एक जास्त कसा?"

"जास्त हुईत न्हाय," आबा म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "कमी हुतो. पळून गेला तर कमी हुतो. जास्त कसा हुईल?"

मी लहान असताना जेवायला बसलं की आबा सांगायचे, पळालेल्या कैद्यापायी शिपायाला शिक्षा होते, पण कागदाशिवाय कोंडलेल्या माणसापायी शिपाईच आत जातो. वॉरंट म्हणजे कोर्टाचा तो कागद. तो नसेल तर राजाच्या पोरालासुद्धा एक रात्र ठेवून घ्यायचं नाही. मी दात खाऊन तिथंच घाव घातला.

"माझं वॉरंट कुठाय? दाखवा. आणि बाईमाणसाला इथं ठेवलं कुणी? बायकांची कोठडी आहे का इथं? बाई शिपाई आहे का?"

आबांनी पहिल्यांदा मला नीट बघितलं. माझी साडी, सुटलेले केस, सोललेला गाल. आणि त्यांचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. त्यांचा खालचा ओठ थरथरायला लागला. मला सुटायचं होतं, म्हणून मी ऐंशीला टेकलेल्या माणसाला घाबरवत होते, आणि चांगलं जमत होतं. भीती घालणं हा माझा धंदाच आहे. तसंच बोलत राहिले. "उघडा. लवकर उघडा, कुणी यायच्या आत."

त्यांनी कडीला हात घातला. कडी सरकेना. "बसली हाय," ते म्हणाले. "बसली हाय वो." मी म्हटलं, "खांदा लावा. जरा उचला." त्यांनी खांदा लावला, मी आतून गज धरून वर रेटलं. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा पट्टी खडखडली आणि दार वीतभर उघडलं. मी तिरकी होऊन बाहेर पडले.

त्यांना घट्ट धरावं असं मनात होतं. चार शिव्याही घालाव्यात असं मनात होतं. पण आबांनी माझ्यासमोर हात जोडले.

"ताई, चूक झाली. ध्यानात न्हाय ऱ्हायलं. सायबास्नी सांगू नगा. कुणालाच सांगू नगा तुमी. नोकरी जाईल माझी. घरात ल्हान पोरगी हाय वो मला."

जन्मात पहिल्यांदा आबा मला 'तुमी' म्हणत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी त्यांचे जोडलेले हात माझ्या हातांत घेतले.

"नाही सांगत. कुणालाही नाही सांगत."

ते जरा सावरले. आम्ही दिंडीकडं चालायला लागलो. विहीर आणि आबा यांच्या मधून मी चालले. ते एक पाऊल पुढं गेले तेव्हा मला दिसलं, त्यांच्या पायजम्याला मागून हिरवं शेवाळ लागलं होतं, ओलं. कठड्याचा एक दगड निखळून गेला होता, ती जागा ताजी पांढरी दिसत होती. म्हणजे ते इतका वेळ त्या काठावर बसले होते. तो आवाज त्यांच्या शेजारच्या दगडाचा होता. मी त्यांचा हात जास्त घट्ट धरला. त्यांनी तो अदबीनं सोडवून घेतला, परक्या बाईचा हात म्हणून.

कोनाड्यातलं सामान त्यांनी एकेक मोजून मला दिलं. पर्स, मोबाईल, किल्ली, पेन, शेवटी क्लिप. बाहेर आल्यावर मी गाडीकडं वळले तर ते म्हणाले, "न्यायला कोण आलंय?"

"म्हणजे?"

"दिवस मावळतीला बाईमाणसाला एकटं सोडत न्हाय आमी. घरचं माणूस येस्तंवर गेटवर बसवायचं. कोण येणार हाय?"

मी काहीतरी सांगायला हवं होतं. भाऊ म्हणू शकले असते.

"वडील येणारेत," मी म्हटलं.

"मग थांबतो की मी," आबा म्हणाले, आणि दरवाजाच्या पायरीवर फुंकर मारून त्यांनी माझ्यासाठी जागा केली. मी बसले. दोन हात अंतर ठेवून तेही बसले.

मोबाईल वाजला. दादा. रोज याच वेळेला त्याचा फोन असतो.

"काय चाललंय? आबांची गडबड सुरू झाली का?"

आबा माझ्याकडं बघत होते. हात त्यांनी पुन्हा छातीशी जोडले होते.

"नाही," मी म्हटलं. "शांत बसलेत."

"कुठं?"

"इथं, माझ्याजवळ. दारात."

"बाहेर नाही ना गेले कुठं?"

"नाही रे. काही झालं नाही. सगळं ठीक आहे."

मी फोन ठेवला. जे खोटं मी बोलले ते चांगलं की वाईट, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

"वडलांचा फोन?" आबांनी विचारलं.

"हां."

"निघाल्यात न्हवं?"

"निघालेत."

"मग येतील. येळ लागंल, वाट चुकंल, पर बाप हाय, येईल." ते रस्त्याकडं तोंड करून बसले. ऊन गेलं होतं, नदीकडून गारठा यायला लागला होता. गाडीची किल्ली माझ्या मुठीत होती. उसाचा एखादा ट्रॅक्टर आला, एखादी जीप आली, की आबा गुडघ्यावर हात टेकून उठायचे, दोन पावलं पुढं जाऊन निरखून बघायचे आणि परत येऊन मला सांगायचे, "हे न्हवंत." आणि मीही दर वेळी गाडीत कोण आहे ते बघत होते.